डिजिस्कोपिंगची सुरुवात: गावाकडच्या नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्यात जवळपास गावागणिक तलाव आहे. माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव. त्यांच्या पाळीवर स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवरची पक्षी पाहायची मोठी दुर्बीण, लावून बसायला लागल्यापासून ओळखीचे-अनोळखी बरेच जण थांबून विचारत आले. प्रश्न बहुधा तेच असतात आणि पहिले फोटोही एकाच पद्धतीने फसलेले असतात: काळ्या गोलाच्या मध्ये पांढुरका डाग. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

डिजिस्कोपिंग म्हणजे नेमकं काय?

पक्षी पाहायच्या स्पॉटिंग स्कोपला जिथे डोळा लावतो, तिथे मोबाइल किंवा छोटा कॅमेरा लावून फोटो काढणं. डोळ्याला जे चित्र दिसतं तेच मोबाइल टिपतो. मलेशियातले पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी १९९९ च्या सुमारास साधा डिजिटल कॅमेरा स्कोपच्या आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या काचेला, टेकवून फोटो काढले आणि तिथून ही पद्धत जगभर पसरली. तेव्हा छोटे डिजिटल कॅमेरे होते, आता तेच काम खिशातला मोबाइल करतो.

हिशोब सोपा आहे. मोबाइलची मुख्य लेन्स मोठ्या कॅमेऱ्याच्या हिशोबात साधारण २६ मिलिमीटरची मानली जाते. स्कोप २० पटीवर ठेवला की २६ गुणिले २०, म्हणजे ५२० मिलिमीटरच्या लेन्सएवढा पक्षी मोठा दिसतो. ३० पटीवर ७८० मिलिमीटर.

मग मोठ्या लेन्सचा कॅमेराच का घेऊ नये?

उडत्या पक्ष्याचे, झुडपात सुळकन फिरणाऱ्या शिंजिराचे फोटो काढायचे असतील तर कॅमेराच घ्या. तिथे डिजिस्कोपिंग मागे पडतं, हे मी आधीच सांगून टाकतो. स्कोपचा फायदा वेगळा. तो आधी पाहायचं साधन आहे, फोटो नंतर. तासभर कमळपक्षी पानावरून पानावर चालताना पाहिला, मधेच मोबाइल अडकवून चार फोटो घेतले, परत डोळा लावला. ज्याला पक्षी पाहण्यात जीव आहे त्याला हे जमतं. ज्याला फक्त फोटो हवा आहे तो आठवड्याभरात कंटाळतो.

स्कोप कोणता घ्यावा?

समोरच्या काचेचा व्यास आणि मागचं झूम, हे दोन आकडे बघा. "२०-६० गुणिले ८०" असं लिहिलेलं असतं. म्हणजे २० ते ६० पट झूम आणि ८० मिलिमीटरची काच. ८० ची काच जास्त उजेड घेते, पण जड असते. सायकलने किंवा पायी धुऱ्या-धुऱ्याने (शेताच्या बांधांवरून) फिरायचं असेल तर ६५ ची बरी. काचेच्या वर्णनात "ईडी" असेल तर कडेला जांभळी झालर कमी येते. पांढऱ्या बगळ्याभोवती ही झालर फार खटकते.

आयपीस वर तिरकी वळलेली असते किंवा सरळ. मी तिरकीच सुचवतो. ट्रायपॉड बुटका ठेवता येतो, त्यामुळे हलत नाही, आणि शेजारच्या लहान मुलालाही उचलून न घेता पक्षी दाखवता येतो.

नामांकित युरोपीय किंवा जपानी कंपनीचा वरच्या दर्जाचा स्कोप लाखाच्या वर जातो. तो घेण्याची घाई करू नका. सुरुवातीच्या दर्जाच्या स्कोपवर एक अख्खा हिवाळा काढा. पैसे उरले तर ते ट्रायपॉडवर घाला. महागडा स्कोप आणि लेचापेचा ट्रायपॉड यापेक्षा साधा स्कोप आणि दणकट ट्रायपॉड शंभर वेळा चांगला.

माझ्याकडे स्कोप नाही, फक्त बायनॉक्युलर आहे. चालेल?

चालेल, सरावासाठी उत्तम. बायनॉक्युलर एखाद्या खांबावर, बंडीच्या चाकावर किंवा झाडाच्या दुबेळक्यात टेकवा आणि एका बाजूच्या आयपीसवर मोबाइलची लेन्स धरा. ८ किंवा १० पट मोठं दिसतं. दगडावर बसलेली टिटवी, तारेवरचा नीलपंख असे फोटो सहज येतात. हात स्थिर ठेवणं आणि लेन्सचं केंद्र जुळवणं, हे दोन्ही इथेच शिकून होतं.

अडॅप्टर लागतोच का?

हाताने धरून एखादा फोटो निघतो, दहा सारखे निघत नाहीत. अडॅप्टर घ्याच. बाजारात स्क्रूने आवळायचे, कोणत्याही मोबाइलला बसणारे क्लॅम्प मिळतात. घेताना मोबाइल कव्हरसकट न्या आणि लावून बघा. दोन-तीन कॅमेऱ्यांच्या मोबाइलमध्ये मुख्य लेन्स कोपऱ्यात असते आणि काही क्लॅम्प तिथपर्यंत पोचतच नाहीत.

घरीही करता येतो. आयपीसवर घट्ट बसेल असा प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा, आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी, आणि तो मोबाइलच्या जुन्या कडक कव्हरला चिकटवलेला. माझा पहिला असाच होता आणि दोन हिवाळे टिकला. चिकटवताना लेन्सचं केंद्र पाइपच्या केंद्रावर आलं पाहिजे. एवढं जमलं की काम झालं.

फोटोभोवती काळा गोल येतो. काय चुकतंय?

चूक अशी काही नाही. आयपीसमधून बाहेर पडणारा उजेड एका छोट्या गोल ठिपक्याएवढा असतो, आणि मोबाइलची लेन्स नेमकी त्या ठिपक्यावर, नेमक्या अंतरावर हवी. स्कोप उजेडाकडे करून आयपीसपासून वीतभर मागून बघा, काळ्या काचेत तो पांढरा ठिपका स्पष्ट दिसेल. तो एकदा डोळ्याने बघितला की पुढचं आपोआप कळतं.

आता दुरुस्ती. चष्मेवाल्यांसाठी आयपीसचा रबरी कठडा वर-खाली होतो. तो थोडा-थोडा फिरवत मोबाइलचं अंतर बदला. गोल एका बाजूला सरकलेला असेल तर मोबाइल मध्यावर नाही. गोल मध्यात पण लहान असेल तर अंतर चुकलंय. सगळं जुळल्यावरही कडा थोड्या काळ्या राहिल्या, तर मोबाइलचं झूम दीड-दोनपर्यंत न्या. त्याहून जास्त नको.

जुळलं की तिथेच अडॅप्टरवर नेलपॉलिशने बारीक खूण करून ठेवा. हे सगळं घरी, अंगणात करायचं. पहाटे साडेसहाला गारठ्यात, समोर चक्रवाकांची जोडी असताना स्क्रू पिळत बसणं फार वाईट.

अजून एक अडचण नव्या मोबाइलमध्ये येते. आयपीस लेन्सला इतकी जवळ असते की मोबाइलला वाटतं आपण फुलाचा जवळून फोटो काढतोय, आणि तो स्वतःच दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो. स्क्रीन अचानक काळी होते. सेटिंगमध्ये जाऊन आपोआप मॅक्रो होणं बंद करा, किंवा प्रो मोडमध्ये, म्हणजे सगळं आपण ठरवायच्या मोडमध्ये, मुख्य लेन्स पक्की करा.

नुसत्या डोळ्याने पक्षी दिसतो, स्कोपमध्ये सापडतच नाही.

सगळ्यांचं होतं. स्कोपमधून दिसणारा भाग फार अरुंद असतो. झूम नेहमी सर्वात कमीवर ठेवून शोधा. आधी जवळची मोठी खूण पकडा, पाण्यातलं वाळकं झाड, धुऱ्यावरचा पळस, आणि तिथून सरकत पक्ष्यावर या. स्कोपच्या नळीवर प्लास्टिकची केबल-टाय आवळून तिचं टोक उभं ठेवलं तर बंदुकीच्या माशीसारखा नेम धरता येतो. पाच रुपयांची वस्तू, पण निम्मा वेळ वाचवते. मोबाइल लावण्याआधी डोळ्याने पक्षी मध्यात आणा आणि फोकस करा.

सगळे फोटो हललेले येतात.

सुरुवातीच्या फसलेल्या फोटोंपैकी बहुतेक इथे फसतात. २० पट मोठं चित्र म्हणजे हलणंही २० पट मोठं. स्क्रीनवर बोटाने टिचकी मारली तरी स्कोप झिणझिणतो.

म्हणून स्क्रीनला हातच लावायचा नाही. दोन सेकंदांचा टायमर लावा. त्याहून बरं, तारेचे इअरफोन असतील तर बऱ्याच मोबाइलमध्ये त्यांचं आवाज वाढवायचं बटण शटरसारखं चालतं. ब्लूटूथचा छोटा रिमोटही स्वस्तात मिळतो. एका वेळी एकच फोटो काढू नका. आठ-दहा सलग काढा, त्यातला एखादा थरथरण्याच्या दोन झटक्यांमधला निघतो.

ट्रायपॉडचे पाय सगळे ओढून उंच करू नका. जाड पाय आधी ओढा, बारीक पाय जमल्यास आतच राहू द्या, आणि मधली दांडी कधीही वर काढू नका. खाली बसा. मधल्या हुकला पिशवी लटकवून तीत गोटे भरा, पिशवी जमिनीला किंचित टेकलेली असू द्या, म्हणजे वाऱ्याने झोके घेणार नाही. तलावाच्या पाळीवर हिवाळ्यातही सकाळी वारा असतो. एकदा मी गोटे न बांधता पाणी प्यायला दोन पावलं बाजूला गेलो आणि वाऱ्याच्या झोताने स्कोप मोबाइलसकट दगडांवर आडवा झाला. आयपीसचा कठडा फुटला, मोबाइलची काच गेली. तेव्हापासून ट्रायपॉड उघडला की पहिलं काम पिशवी बांधणं.

ट्रायपॉड नसेल त्या दिवशी जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तीत तूर किंवा धान भरा. बंडीच्या काठावर, विहिरीच्या कठड्यावर ठेवून तीत स्कोप दाबून बसवला की तसूभर हलत नाही.

मोबाइल लावल्यावर स्कोप मागच्या बाजूने जड होतो आणि हळूहळू आभाळाकडे बघायला लागतो. खालची पट्टी पुढे-मागे सरकवून तोल साधा. हात सोडल्यावर तो जिथे आहे तिथेच राहिला पाहिजे.

स्कोपला ६० पट झूम आहे, तरी फोटो फिका आणि धूसर का येतो?

कारण तुम्ही ६० पट वापरताय. २० वरून ६० वर गेलात की चित्र तिप्पट रुंद आणि तिप्पट उंच होतं, म्हणजे तोच उजेड नऊपट जागेवर पसरतो. मघाचा तो उजेडाचा ठिपका आठवा. काचेचा व्यास भागिले झूम, एवढा तो असतो. ८० च्या काचेला २० पटीवर ४ मिलिमीटर, ६० पटीवर जेमतेम १.३. मोबाइलच्या लेन्सचं तोंड साधारण २ ते ४ मिलिमीटर असतं. म्हणजे २० पटीवर ते तोंड पूर्ण भरतं, ६० पटीवर अर्धं उपाशी राहतं. उजेड कमी पडला की मोबाइल शटर जास्त वेळ उघडं ठेवतो किंवा आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवतो. पहिल्याने फोटो हलतो, दुसऱ्याने दाणेदार होतो.

मी ऐंशी टक्के फोटो २० ते ३० पटीवरच काढतो आणि घरी येऊन कापतो (क्रॉप करतो). १२ मेगापिक्सेलचा फोटो निम्मा कापला तरी मोबाइलवर बघायला, आठवणीला, ओळख पटवायला भरपूर उरतो.

ही गोष्ट मला एका बगळ्याने शिकवली. मे महिना, सकाळचे दहा, पलीकडच्या काठावर मोठा बगळा. मी झूम ६० वर नेऊन चाळीसेक फोटो काढले. घरी पाहिलं तर सगळे कापसाच्या बोंडासारखे. मान कुठे संपते आणि पंख कुठे सुरू होतो ते कळेना. पुढच्या हिवाळ्यात त्याच तलावावर, सातच्या उन्हात, मी लव्हाळ्यात बसलेला असताना एक बगळा आपणहून पंचवीस पावलांवर येऊन उभा राहिला. झूम २०. त्या फोटोत त्याच्या पायाला लागलेला ओला चिखल आणि चोचीच्या टोकाला लटकलेला पाण्याचा थेंब दिसतो. स्कोप तोच, मोबाइलही तोच होता.

सकाळचे फोटो चांगले येतात, दहानंतर सगळे बिघडतात. लेन्स तापते का?

लेन्स नाही, जमीन तापते. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, थंड हवा खाली येते, आणि त्या थरथरत्या हवेतून येणारा उजेड वाकडातिकडा होतो. आपण ज्याला झळा म्हणतो त्याच ह्या. डोळ्याला त्या मे महिन्यातच दिसतात, पण स्कोपला जानेवारीतही अकरा वाजता दिसतात, विशेषतः नांगरलेल्या काळ्या वावरावरून किंवा डांबरी रस्त्यावरून बघताना. कोणतीही महागडी काच यावर उपाय नाही.

उपाय वेळेचा आणि अंतराचा. हिवाळ्यात उजाडल्यापासून साधारण साडेनऊपर्यंत, उन्हाळ्यात आठच्या आत. संध्याकाळीही चालतं, पण जमीन निवायला वेळ लागतो. मधली हवा जितकी कमी तितकं चांगलं, म्हणून २० ते ४० मीटरवरचा पक्षी निवडा. १०० मीटरपलीकडचा फक्त नोंदीपुरता. वावरापेक्षा पाण्यावरून बघा. आणि थंड खोलीतून स्कोप आणला असेल तर दहा-पंधरा मिनिटं सावलीत बाहेर ठेवून मग वापरा.

एप्रिल-मेमध्ये मोबाइल स्वतःही तापतो, स्क्रीन मंद करतो, कधी कॅमेराच बंद करतो. पांढऱ्या दुपट्ट्याची सावली मोबाइलवर धरा. तो दुपट्टा डोक्यावरून घेतला तर स्क्रीनही नीट दिसते.

आणि एक गोष्ट कधीही करू नका: स्कोप सूर्याकडे वळवू नका. मावळतीलाही नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो, मोबाइलचा सेन्सरही. रिकामा उभा स्कोप टोपण लावून ठेवा.

फोकस मोबाइलने करायचा की स्कोपने?

दोन्हीने, पण क्रमाने. आधी डोळ्याने स्कोपचा फोकस. मग मोबाइल लावून पक्ष्यावर बोट दाबून धरा, म्हणजे मोबाइलचा फोकस आणि उजेड दोन्ही तिथे कुलूपबंद होतात. त्यानंतर बारीक फरक स्कोपच्याच चाकाने करायचा. मोबाइलला मोकळं सोडलं तर तो प्रत्येक फोटोला नव्याने फोकस शोधत बसतो आणि पुढचं गवताचं पातं पकडतो.

फोकस डोळ्यावर. पक्ष्याचा डोळा टोकदार आला की बाकीचा फोटो थोडा मऊ असला तरी खपतो. जवळच्या पक्ष्याला हे चाक केसभर फिरवावं लागतं, म्हणून स्क्रीनवर चित्र मोठं करून खात्री करा.

बगळा पांढराफटक येतो आणि पाणकावळा नुसता काळा ठिपका.

मोबाइल सगळं चित्र मध्यम उजेडाचं करू पाहतो. पांढऱ्या पक्ष्याला उजेड कमी करा: बोट दाबून धरल्यावर जो सूर्याचा खुणेचा दांडा येतो तो थोडा खाली ओढा, पिसांच्या रेषा दिसायला लागेपर्यंत. काळ्या पक्ष्याला उलट. सकाळच्या ढगाळ मऊ उजेडात दोन्ही सोपं जातं. ऊन असेल तर ते आपल्या पाठीमागे ठेवा. पूर्वेच्या पाळीवर बसून पश्चिमेला बघा. पोर्ट्रेट मोड, ब्यूटी, फ्लॅश सगळं बंद.

उडणाऱ्या किंवा चालणाऱ्या पक्ष्याचा फोटो कसा काढू?

उडणाऱ्याचा नाद सोडा. चालणाऱ्यासाठी व्हिडिओ घ्या. ४के व्हिडिओचं एक चित्र ३८४० गुणिले २१६० पिक्सेलचं, म्हणजे सुमारे ८ मेगापिक्सेलचं असतं. लांब पायांचा शेकाट्या पाय उचलतो तो नेमका क्षण नंतर निवांत निवडता येतो. प्रो मोड असेल तर शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. बसलेल्या पक्ष्याला १/१२५ पुरतं.

पक्ष्याच्या किती जवळ जावं?

आपण जवळ जायचं नाही, त्याच्या वाटेवर आधीच जाऊन बसायचं. कवड्या खंड्या रोज त्याच वाळक्या फांदीवर येतो. टिटवी त्याच धुऱ्यावर. दोन सकाळी नुसतं बघा, तिसऱ्या सकाळी उजाडायच्या आत तिथून तीस पावलांवर बसा. खाकी किंवा मातकट कपडे, पाठीशी झुडूप, हालचाल कमी. पक्षी मान ताठ करून तुमच्याकडे बघायला लागला, शेपटी हलवायला लागला, ओरडला, की तिथेच थांबा आणि दोन पावलं मागे या. माझ्या लेखी स्कोपचं खरं काम हेच: पक्षी आपल्या जागी, आपल्या कामात राहतो आणि तरी त्याच्या डोळ्याची कड आपल्याला दिसते. त्याला उडवून काढलेला फोटो कितीही स्पष्ट आला तरी मी तो कुणाला दाखवत नाही.

लव्हाळ्यात आणि धुऱ्यावर बसण्याआधी काठी आपटून घ्या, पायात बूट असू द्या. घोणस आपल्याकडे कमी नाही.

स्कोप लावला की गावकरी जमतात, शंका घेतात. काय सांगायचं?

आधी हे समजून घ्या की ट्रायपॉडवरचं नळकांडं लोकांनी एकाच कामासाठी पाहिलेलं असतं: जमिनीची मोजणी. धरणाचा कालवा, रस्ता, कुणाची तरी जमीन जाणार, हाच अर्थ. एका बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) काठावर एक म्हातारे काका तरातरा आले आणि म्हणाले, "कोणाची मोजणी लावली बाबू? आमाले नोटीस नाही आली." मी उठून त्यांना खाली बसवलं आणि आयपीसवर डोळा लावायला सांगितलं. पलीकडे उघड्या चोचीचे करकोचे गोगलगाई फोडत होते. काकांनी बराच वेळ डोळा काढला नाही. मग म्हणाले, "याच्या चोचीत फट आहे नं! इतकी वर्षं वावरात पाह्यतो, हे नाही दिसलं." त्या फटीमुळेच त्याचं नाव पडलं, हे मी सांगितलं. आता त्यांच्या धानाच्या बांधीत सारस उतरला की मला त्यांचाच पहिला फोन येतो.

तेव्हा, वावर कुणाचं आहे ते विचारून मगच आत जा, उभ्या धानातून चालू नका, आणि जो थांबेल त्याला आधी दाखवा.

सुरुवात कुठून करू? ताडोबाला जाऊ का?

सफारीत गाडीतून उतरता येत नाही, चालू गाडीत ट्रायपॉड लावता येत नाही आणि मोबाइलवरही निर्बंध असतात. डिजिस्कोपिंगसाठी गावचा तलावच बरा. पहिला आठवडा पक्षी नकोच: बुजगावणं, मंदिराचा कळस, पाण्याच्या टाकीवरची अक्षरं यांचे फोटो काढा. अक्षरांच्या कडा टोकदार आल्या की तलावावर जा. टिबुकली, खंड्या, हळदी-कुंकू बदक, बगळे, पाणकावळे वर्षभर असतात आणि बराच वेळ एका जागी राहतात.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, त्या सुमारास धान कापणीला येतं आणि पाहुणे बदक उतरू लागतात. सुरुवातीला याहून चांगला मुहूर्त नाही. हात बसल्यावर नवेगावबांध, मोर्शीजवळचं अप्पर वर्धा धरण, बुलढाण्यातलं लोणार सरोवर बघा. लोणारला २०२० मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळीचा दर्जा मिळाला.

फोटो दुरुस्त करणं म्हणजे फसवणूक नाही का?

कापणं, तिरकं क्षितिज सरळ करणं, उजेड थोडा वर-खाली करणं, यात फसवणूक नाही. स्नॅपसीडसारखं फुकटचं ॲप पुरतं. क्रम असा ठेवा: आधी कापा, मग उजेड, शेवटी अगदी थोडी धार (शार्पनिंग). धार जास्त झाली की पिसांभोवती पांढरी रेघ उमटते, तिथे थांबून परत मागे या. पक्ष्याचा रंग बदलू नका. पुढे ओळख पटवताना तोच रंग पुरावा असतो. मोबाइल स्वतःहून तपशील "घडवतो" ते सेटिंग बंद ठेवलेलं बरं.

माझे फोटो स्पर्धेत देण्याजोगे नाहीत. मग उपयोग काय?

उपयोग मोठा आहे. तुतवारासारखे चिखलातले सारखे दिसणारे पक्षी ओळखायला पायाचा रंग आणि चोचीची लांबी दिसणारा मध्यम फोटोही पुरतो. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तारीख, तलाव आणि संख्येसोबत तो टाकला की तुमच्या गावची नोंद कायमची राहते.

हिवाळ्यात पट्टकादंबांच्या (डोक्यावर काळे पट्टे असलेल्या रानहंसांच्या) थव्यावर माझी नजर आधी मानांकडे जाते. मंगोलियात संशोधकांनी गळपट्टे घातलेले पट्टकादंब भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत. गळपट्ट्यावरची अक्षरं आणि पायातली रंगीत कडी वाचायला स्कोपसारखं साधन नाही. असा पक्षी दिसला तर फोटो सुंदर येण्याची वाट पाहू नका, अक्षरं वाचता येतील असे वीस-तीस फोटो घ्या, पट्ट्याचा रंग आणि तो मानेला आहे की कोणत्या पायाला ते लिहून ठेवा, आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. १८८३ पासूनची ही संस्था भारतात पक्ष्यांना कडी घालण्याचं काम करते.

पावसाळ्यात काय करायचं?

स्कोप आधी. आपल्याकडच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते. ओला स्कोप बॅगेत बंद करू नका; पंख्याखाली वाळवून, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. काचेवरची धूळ आधी ब्लोअरने उडवा, मग मऊ कापडाने पुसा. दुपट्ट्याने कोरडी काच कधी घासू नका, धुळीच्या कणांनी ओरखडे पडतात.

फोटो मात्र या दिवसांत जपून. गोंदिया-भंडाऱ्याकडचे सारस पावसाळ्यातच धानाच्या बांध्यांमध्ये घरटी करतात. घरट्याच्या दिशेने एक पाऊलही नको, घरट्याचं ठिकाण मोबाइलच्या गटांवर नको, आणि फोटोतलं लोकेशन बंद करूनच तो पुढे पाठवा. घरटं दिसलं तर शेतमालकाला आणि वनविभागाला सांगा. मी त्या बांधीकडे रस्त्यावरूनच, मोबाइल न लावता, पाचेक मिनिटं बघतो आणि निघतो.